१७८९ चा हक्कांचा जाहीरनामा कसा वाचावा: सतरा कलमांमागची तत्त्वे समजून घेण्याची एक पद्धत

फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी व्हर्साय येथे संमत केलेला ‘मनुष्याच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा’ एक उद्देशिका आणि सतरा छोटी कलमे एवढाच आहे. सावकाश वाचला तरी पंधरा मिनिटांत संपतो, आणि पहिल्या वाचनात तो इतका ओळखीचा वाटतो की यात समजून घेण्यासारखे उरले तरी काय, असा प्रश्न पडावा. हीच त्याची अडचण आहे. आपण आज ज्या हवेत श्वास घेतो तीच हवा त्या कलमांत असल्यामुळे ती कोणाविरुद्ध लिहिली गेली, कोणाला वगळून लिहिली गेली आणि कोणत्या एका शब्दावर तोलून धरली आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही. पुढे दिलेली पद्धत विद्यार्थी, शिक्षक आणि अभ्यासमंडळे यांच्यासाठी आहे. त्यासाठी भरपूर समास सोडून छापलेली जाहीरनाम्याची एक प्रत, दोन रंगांच्या पेन्सिली आणि सलग दोन तास एवढे साहित्य पुरेसे आहे.

पहिली पायरी: मराठी शब्द तपासून घ्या

मराठीत या दस्तऐवजाला कधी ‘जाहीरनामा’ तर कधी ‘सनद’ म्हटले जाते. आपल्याकडे सनद ही वरून मिळत असे: वतनाची सनद, इनामाची सनद. देणारा राजा आणि घेणारा वतनदार, आणि जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. फ्रेंच सभेने नेमकी हीच कल्पना मोडीत काढली. उद्देशिकेच्या शेवटी सभा पुढील हक्क ‘मान्य करते आणि घोषित करते’ असे शब्द आहेत. ‘बहाल करते’ असे कोठेही म्हटलेले नाही. हक्क सभेच्या आधीपासून आहेत, सभा फक्त ते मोठ्याने सांगत आहे, ही भूमिका ‘जाहीरनामा’ या शब्दात टिकते आणि ‘सनद’ म्हणताच नकळत उलटी होते. (निवडणुकांनी ‘जाहीरनामा’ हा शब्द पुरता झिजवला आहे हे खरे, पण त्याला इलाज नाही.)

दुसरा शब्द ‘हक्क’. हिंदीच्या प्रभावाने हल्ली त्याच्या जागी सर्रास ‘अधिकार’ लिहिला जातो, परंतु मराठीत तलाठ्याला असतो तो अधिकार आणि शेतकऱ्याला असतो तो हक्क, हा भेद अजून जिवंत आहे. हा मजकूर बहुतांशी अधिकाऱ्यांच्या अधिकाराला हक्काने घातलेल्या कुंपणाचा असल्यामुळे दोन्ही शब्द आपापल्या जागी ठेवावेत.

तिसरा शब्द सर्वांत अवघड आहे. मूळ फ्रेंच शब्द ‘ऑम’ माणूस आणि पुरुष या दोन्ही अर्थांनी चालतो. मराठी अनुवादक ‘मानव’ किंवा ‘मनुष्य’ लिहितो तेव्हा तो मुळातली संदिग्धता कोणाच्याही लक्षात न येता सोडवून टाकतो. तुमच्या प्रतीत पहिल्या कलमातील ‘मनुष्य’ या शब्दाखाली एक टिंब देऊन ठेवा, पाचव्या पायरीला ते लागेल.

दुसरी पायरी: समासात तारखा लिहा

५ मे १७८९ रोजी व्हर्सायला धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन या तीन वर्गांची सभा भरली. ही सभा त्यापूर्वी १६१४ मध्ये बोलावली गेली होती, आणि पावणेदोनशे वर्षांनी ती बोलावण्याचे कारण लोकांच्या हक्कांशी संबंधित नव्हते. राजाचा खजिना रिकामा झाला होता. १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. ११ जुलै रोजी लाफायेतने हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा मांडला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेल्या या सरदाराने तो मसुदा त्या वेळी पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी असलेल्या जेफरसन यांना आधी दाखवला होता. तीन दिवसांनी बास्तीय (बॅस्टिल) हा पॅरिसचा तुरुंग-किल्ला पडला. ४ ऑगस्टच्या रात्री सरदार आणि धर्मगुरूंनी आपापले विशेषाधिकार सोडण्याची चढाओढ लावली, आणि २० ते २६ ऑगस्ट या आठवड्यात कलमे एकेक करून संमत झाली.

या क्रमात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. विशेषाधिकार आधी गेले, समतेचे कलम नंतर आले. आणि सतरा ही संख्या कोणी ठरवून काढलेली नाही: २७ ऑगस्टला सभेने ठरवले की आता संविधानाकडे वळावे आणि उरलेली कलमे मागाहून जोडावीत. ती कधीच जोडली गेली नाहीत. राजाने मान्यता दिली तीही ५ ऑक्टोबरला, पॅरिसच्या बाजारातील स्त्रिया भाकरीसाठी व्हर्सायवर चालून आल्या तेव्हा.

तिसरी पायरी: प्रत्येक कलम उलटे वाचा

आता एका रंगाची पेन्सिल घेऊन प्रत्येक कलमासमोर एकच प्रश्न लिहा: हे लिहावे लागले, म्हणजे आधी काय चालत होते? उद्देशिकेतच याची किल्ली आहे. हक्कांचे अज्ञान, त्यांचा विसर किंवा त्यांची अवहेलना हीच सार्वजनिक आपत्तींची आणि राज्यकारभार नासण्याची कारणे आहेत, असे ती म्हणते. त्यामुळे हक्कांची ही यादी प्रत्यक्षात तक्रारींचीच यादी आहे, फक्त उलट्या बाजूने लिहिलेली.

नमुना म्हणून सातवे कलम घेऊ. कायद्याने ठरवलेल्या प्रसंगी आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच एखाद्यावर आरोप ठेवता येईल, त्याला अटक करता येईल किंवा डांबता येईल, असे ते सांगते. त्यामागे ‘लेत्र द काशे’ नावाचा कागद आहे. मोहोर फोडल्याशिवाय वाचता येऊ नये अशी घडी घातलेले, राजाच्या सहीचे आणि मंत्र्याच्या प्रतिस्वाक्षरीचे हे पत्र. त्यात अमुक माणसाला अमुक किल्ल्यात ठेवावे एवढाच हुकूम असे. आरोप नाही, खटला नाही, मुदतही नाही. बहुतेकांना वाटते तसे हे हत्यार केवळ राजाच्या शत्रूंसाठी नव्हते. हाताबाहेर गेलेल्या मुलाला वठणीवर आणण्यासाठी घरंदाज बापही अर्ज करून असे पत्र मिळवीत. सभेतला सर्वांत प्रभावी वक्ता मिराबो स्वतः बापाने मिळवलेल्या अशाच पत्रावरून १७७७ ते १७८० पर्यंत व्हॅन्सेनच्या किल्ल्यात कोंडला गेला होता, आणि ऑगस्टमध्ये मसुदे एकत्र करण्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीच्या वतीने मसुदा मांडणारा हाच मिराबो होता.

हे कळल्यावर सातव्या कलमाचे दुसरे वाक्य पुन्हा वाचा. मनमानी हुकूम मागणारे, काढणारे, बजावणारे आणि बजावायला लावणारे या सर्वांना शिक्षा झाली पाहिजे, असे त्यात आहे. ही चार क्रियापदे अलंकार म्हणून आलेली नाहीत. मागणारा म्हणजे अर्ज करणारा बाप, काढणारा म्हणजे मंत्री, बजावणारा म्हणजे शिपाई आणि बजावायला लावणारा त्याचा वरिष्ठ. ‘मी फक्त वरचा हुकूम पाळला’ हे उत्तर तेथल्या तेथे निकालात निघते. मात्र पुढचेच वाक्य नागरिकाला बजावते की कायद्यानुसार बोलावणे आले तर तत्काळ हजर झाले पाहिजे, प्रतिकार केला तर तो गुन्हा होईल. एकाच कलमात शिपायालाही दम आणि नागरिकालाही दम आहे.

इतर कलमांना एवढा वेळ द्यावा लागत नाही. तेरावे कलम कर ऐपतीप्रमाणे सर्वांत वाटावा असे म्हणते, कारण ‘ताय’ नावाचा मुख्य थेट कर जवळजवळ सगळा सामान्यांवर होता आणि सरदार-धर्मगुरू त्यातून सुटत होते. अकरावे कलम छापण्याच्या स्वातंत्र्याचे आहे, कारण पुस्तक छापण्यापूर्वी राजाच्या तपासनिसाची परवानगी लागत असे. बारावे सांगते की सार्वजनिक बळ सर्वांच्या हितासाठी आहे, ज्यांच्या हाती सोपवले त्यांच्या खासगी उपयोगासाठी नाही.

चौदाव्यापाशी मात्र थोडे थांबा. कराची गरज पडताळणे, त्याला संमती देणे, त्याच्या विनियोगावर नजर ठेवणे, आणि त्याचे प्रमाण, आकारणी, वसुली व मुदत ठरवणे, एवढी कामे ते नागरिकांच्या हाती, प्रत्यक्ष किंवा प्रतिनिधींमार्फत, देते. त्याला लागून पंधरावे आहे: प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याकडून त्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याचा समाजाला हक्क आहे. माझ्या मते या जाहीरनाम्यातली ही सर्वांत दुर्लक्षित जोडी आहे. भाषणात पहिले कलम सगळे म्हणतात, पंधरावे कोणी म्हणत नाही. रिकाम्या खजिन्यापायी सुरू झालेल्या प्रकरणात हिशेबाचे कलम यावे, यात नवल काहीच नाही.

चौथी पायरी: ‘कायदा’ या शब्दाखाली रेघ मारा

ही पायरी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. दुसरी पेन्सिल घ्या आणि ‘कायदा’ दिसेल तेथे रेघ ओढा. चौथ्यापासून अकराव्यापर्यंत सलग आठ कलमांत, एकही न गळता, हा शब्द येतो. पहिल्या तीन कलमांत तो नाही, आणि शेवटी सतराव्यात ‘कायदेशीररीत्या’ एवढाच डोकावतो. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला अपाय न करणारे काहीही करता येणे, असे चौथे म्हणते आणि त्याची हद्द कोण आखणार, तर कायदा. पाचवे म्हणते, कायद्याने मना केलेले नाही ते अडवता येणार नाही. आठव्यात शिक्षा गुन्ह्यापूर्वी केलेल्या कायद्यानेच. नवव्यात गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, आणि अटकेत अनावश्यक सक्ती झाली तर तिला कायदाच आवर घालील. दहाव्यात मते, अगदी धार्मिक मतेसुद्धा, मोकळी, पण कायद्याने लावून दिलेली सार्वजनिक व्यवस्था बिघडू नये. अकराव्यात बोला, लिहा, छापा, पण कायद्याने ठरवलेल्या प्रसंगी गैरवापराचे उत्तर द्या.

याचा अर्थ असा की हा सगळा डोलारा सहाव्या कलमावर उभा आहे. कायदा ही सर्वसाधारण इच्छेची अभिव्यक्ती आहे, असे ते म्हणते. ही कल्पना रूसो या विचारवंताची, फक्त त्याला नको असलेले प्रतिनिधी येथे आत घेतले आहेत. कायदा सर्वांनी मिळून केलेला, सर्वांना सारखा, आणि म्हणून स्वभावतःच न्याय्य, असा या सभेचा विश्वास होता. आजवर कायदा म्हणजे राजाची मर्जी असलेल्या लोकांनी तो ठेवला, हे समजण्यासारखे आहे. परंतु प्रतिनिधींनी केलेला कायदाच हक्कांवर उठला तर काय करायचे, याची सोय सतरा कलमांत कोठेही नाही. दुसऱ्या कलमात ‘जुलमाचा प्रतिकार’ हा नैसर्गिक हक्क म्हणून नोंदला आहे, पण तो बजावण्याची रीत दिलेली नाही, आणि सातवे कलम कायद्याचा प्रतिकार गुन्हा ठरवते. सोळावे म्हणते की जेथे हक्कांची हमी नाही आणि सत्तांचे विभाजन नाही त्या समाजाला संविधानच नाही. वाक्य झणझणीत आहे, पण हमी देणार कोण, हे तेही सांगत नाही.

ही उणीव कागदावर राहिली नाही. १७ सप्टेंबर १७९३ चा संशयितांविषयीचा कायदा आणि १० जून १७९४ चा क्रांतिकारी न्यायालयाचा कायदा हे दोन्ही निवडून आलेल्या प्रतिनिधींनी रीतसर केले. दुसऱ्याने आरोपीचा वकील काढून घेतला आणि शिक्षा एकच ठेवली, मृत्यूची. सहाव्या कलमाची अट पुरी झाली होती. सात, आठ आणि नऊ मेली होती. प्रतीच्या समासात सहाव्या कलमासमोर हे दोन दिनांक लिहून ठेवा.

पाचवी पायरी: ‘मनुष्य’ आणि ‘नागरिक’ वेगळे काढा

एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. एकात ‘मनुष्य’ ज्यात येतो ती कलमे: पहिले, दुसरे, चौथे, नववे. दुसऱ्यात ‘नागरिक’ ज्यात येतो ती: सहावे, तेरावे, चौदावे. सातवे आणि अकरावे दोन्हीकडे जाईल. अकराव्यात विचारांची मोकळी देवाणघेवाण हा ‘मनुष्याचा’ अत्यंत मोलाचा हक्क आहे असे म्हणून लगेच ‘म्हणून प्रत्येक नागरिक’ बोलू-लिहू शकतो असे येते. एका वाक्यात माणूस निघून जातो आणि नागरिक आत येतो. बारावेही दोन्हीकडे लिहा, कारण ते दोघांच्याही हक्कांची हमी एकत्र मागते. ढोबळमानाने पाहता जगण्यावागण्याचे संरक्षण माणसाला आणि राज्य चालवण्यातला वाटा नागरिकाला, अशी ही वाटणी आहे.

मग प्रश्न उरतो, नागरिक कोण? सिएस या सभेच्या सदस्याने जुलैमध्येच सक्रिय आणि निष्क्रिय नागरिक असा भेद मांडला होता. डिसेंबर १७८९ च्या कायद्याने मतदानासाठी पंचवीस वर्षांचा पुरुष, वर्षाचा रहिवास, तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर आणि कोणाचा घरगडी नसणे, अशा अटी घातल्या. प्रॉटेस्टंटांना दहाव्या कलमात ‘धार्मिक मतेसुद्धा’ एवढीच जागा मिळाली. त्यांचा प्रतिनिधी राबो सँ-तेतिएन सभेत म्हणाला होता की मी सहिष्णुता मागत नाही, स्वातंत्र्य मागतो. ज्यूंना पूर्ण नागरिकत्व मिळायला सप्टेंबर १७९१ उजाडला.

पहिल्या पायरीत ‘मनुष्य’ या शब्दाखाली दिलेल्या टिंबाकडे आता या. १७९१ मध्ये ओलँप द गूज या लेखिकेने जाहीरनाम्याचे प्रत्येक कलम घेऊन त्यात स्त्रीला आणले आणि सतराच कलमांचा स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तसाच तिला व्यासपीठावर चढण्याचाही हक्क असला पाहिजे, असे तिचे दहावे कलम म्हणते. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिला पहिला हक्क मिळाला. दुसऱ्यातला मताधिकार फ्रेंच स्त्रियांना १९४४ च्या वटहुकुमाने मिळाला आणि त्यांनी प्रथम मतदान केले ते एप्रिल १९४५ मध्ये. अभ्यासमंडळात दोघांनी मिळून ही दोन दहावी कलमे एकापाठोपाठ मोठ्याने वाचावीत. चर्चेसाठी वेगळा प्रश्न काढावा लागत नाही.

सहावी पायरी: सतरावे कलम सावकाश वाचा

स्वातंत्र्य, मालमत्ता, सुरक्षितता आणि जुलमाचा प्रतिकार हे चार हक्क दुसरे कलम मोजते. त्यांपैकी ‘अनुल्लंघनीय आणि पवित्र’ हे विशेषण एकट्या मालमत्तेला मिळाले आहे. सार्वजनिक गरज कायदेशीररीत्या सिद्ध झाल्याशिवाय, आणि तीही न्याय्य व आगाऊ भरपाई दिल्याशिवाय, ती काढून घेता येणार नाही. याची पाळी आधी शेतकऱ्यांवर आली. ४ ऑगस्टला सरंजामी देणी गेली असा बोभाटा झाला, परंतु जमिनीशी जोडलेली देणी ही जमीनदाराची मालमत्ता ठरली आणि त्यांतून सुटण्यासाठी शेतकऱ्याने ती विकत घेऊन फेडावी असे ठरले. ती भरपाईवाचून रद्द झाली जुलै १७९३ मध्ये.

समुद्रापार याहून वाईट घडले. सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, सुमारे साडेचार ते पाच लाख माणसे गुलाम होती. पहिल्या कलमाने ती जन्मतः स्वतंत्र होती, सतराव्याने मळेवाल्याची पवित्र मालमत्ता होती, आणि सभेने या दोहोंतून काय निवडले ते सर्वांना माहीत आहे. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसने गुलामी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली, आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने त्या स्वातंत्र्याला मान्यता देताना जुन्या मळेवाल्यांसाठी १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. भरपाईचे तत्त्व असे पाळले गेले, फक्त ती कोणी कोणाला द्यायची हे उलटे झाले.

जाहीरनाम्यात काय नाही, हेही येथेच टिपून घ्यावे. सभा-संघटनेचे स्वातंत्र्य नाही, शिक्षण नाही, गरजूंना मदत नाही. शेवटची दोन १७९३ च्या पस्तीस कलमांच्या जाहीरनाम्यात आली, पण तो अंमलातच आला नाही. ‘बंधुता’ हा शब्दही १७८९ च्या मजकुरात नाही, मग तो कितीही पाठ्यपुस्तकांत त्याच्या नावावर खपवला जावो.

सातवी पायरी: कायद्यावर पहारा कधी बसला ते पाहा

फ्रान्सच्या १९५८ च्या संविधानाने उद्देशिकेत १७८९ च्या जाहीरनाम्याचे नाव घेतले, पण त्याआधारे संसदेचा कायदा पाडता येतो की नाही हे मोघम होते. १६ जुलै १९७१ रोजी, कायदे संविधानात बसतात की नाही हे तपासणाऱ्या तेथील संविधान परिषदेने संस्था स्थापण्यावर आधीच तपासणी लादणारा एक कायदा उद्देशिकेचा हवाला देऊन घटनाबाह्य ठरवला, आणि त्या निर्णयाने जाहीरनामाही संविधानाच्या तोलाचा झाला. २०१० पासून सामान्य पक्षकारही चालू खटल्यात हा मुद्दा उपस्थित करू शकतो. चौथ्या पायरीत सापडलेले भोक बुजायला एकशे ब्याऐंशी वर्षे लागली.

आठवी पायरी: हीच पद्धत महाडला लावा

मराठी वाचकाला हा सराव घरच्याच मजकुरावर करता येतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात आपल्या सभेची तुलना १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली, आणि परिषदेने जन्मसिद्ध समान दर्जाची घोषणा करणारा ठराव केला. तो ठराव पहिल्या सहा कलमांशेजारी ठेवून वाचा. १९५४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे स्पष्ट केले. त्यामुळे महाड ही व्हर्सायची नक्कल आहे असे समजून वाचू नये. तुलना त्यांनी केली ती आपल्या सभेचे वजन दाखवण्यासाठी.

उलटे वाचन येथे फारसे अवघड नाही, कारण कोणत्या ‘कायद्या’विरुद्ध हा ठराव आहे हे त्याच परिषदेत मनुस्मृती जाळून दाखवले गेले. रेघ मारण्याची पायरी मात्र येथे विशेष शिकवते. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते, आणि त्यानंतर महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. म्हणजे सहावे कलम होते. तरी २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा तळ्यावर जायचे ठरले तेव्हा सनातन्यांनी तळे ही खासगी मालमत्ता आहे असे सांगून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. म्हणजे सतरावे कलम पुढे केले गेले. हजारो लोक जमलेले असताना आंबेडकरांनी न्यायालयाचा हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला, म्हणजे सातव्या कलमाचा शेवट पाळला, आणि तो दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ च्या मार्चमध्ये त्यांच्या बाजूने निकाली निघेपर्यंत लढवला. प्रतीच्या शेवटच्या पानावर १९२३, १९२७ आणि १९३७ ही तीन वर्षे एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येकासमोर त्या वर्षी तळ्याचे पाणी प्रत्यक्षात कोणाच्या ओंजळीत होते ते लिहा.